वाचकांचे प्रश्न : कॅमेरा नेमका कुठे फसतो

या अंकासाठी छायाचित्रणाविषयी आलेली बहुतेक पत्रे अवघड विषयांबद्दलची आहेत. कुणाला पांढऱ्या भिंतीने त्रास दिला आहे, कुणाला काळोखातल्या काजव्यांनी, तर कुणाला शिगम्यातल्या घोडेमोडणीने. पत्रे निरनिराळी असली तरी तक्रार बहुतांशी एकच आहे, ती म्हणजे डोळ्यांना दिसले तसे चित्रात उतरले नाही. म्हणून उत्तरे देताना, त्या जागी कॅमेऱ्याने काय गृहीत धरले असेल, हे आधी पाहिले आहे. सेटिंगचे आकडे त्यानंतर आले आहेत. जागेच्या मर्यादेमुळे काही पत्रांना थोडक्यात उत्तरे द्यावी लागली, याबद्दल संबंधित वाचक समजून घेतील अशी आशा आहे.

प्रश्न : पणजीच्या चर्चचे छायाचित्र भर उन्हात काढले, तरी पांढऱ्याशुभ्र भिंती मळकट करड्या येतात. उलट आमच्या शेताकडच्या काळ्या म्हशींचे फोटो फिकट येतात आणि त्यांच्या अंगावरची चकाकी नाहीशी होते. कॅमेऱ्यात दोष असेल का?
(एक वाचक, ताळगाव)

उत्तर : कॅमेरा निर्दोष आहे, आणि आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरून परत येणारा उजेड मोजतो, पण ती वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड परतवणारे आहे, असे तो धरून चालतो. चौकटभर पांढरी भिंत आली की त्याला उजेड फार वाटतो आणि तो चित्र काळवंडून टाकतो. चौकटभर म्हैस आली की उजेड कमी वाटतो आणि तो चित्र उजळवतो. भिंतही करडी, म्हैसही करडी. नव्या कॅमेऱ्यांतले मापक चौकटीचे अनेक भाग करून अंदाज बांधतात, त्यामुळे चूक पूर्वीपेक्षा कमी होते, परंतु एकाच रंगाने चौकट भरली की तेही फसतात.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर जुन्या गोव्यात जावे. तिथे रस्त्याच्या एका बाजूला १६०५ साली अभिषेक झालेली बॉम जेझूची बासिलिका आहे, तिचा दर्शनी भाग उघड्या चिऱ्याचा, तांबूस काळपट; दुसऱ्या बाजूला पांढरेशुभ्र से कॅथेड्रल. ऊन एकच, वेळ एकच. कॅमेरा स्वयंचलित ठेवून आधी केवळ चिऱ्याची भिंत चौकटीत भरावी आणि मग केवळ पांढरी भिंत, आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. चिरा आहे त्यापेक्षा उजळ आणि चुना आहे त्यापेक्षा मळका दिसेल. मग पांढऱ्या भिंतीसाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे चित्र मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची कॅमेऱ्यातली सोय, अधिक एक ते अधिक पावणेदोनच्या दरम्यान न्यावे, चिऱ्यासाठी उणे अर्धा ते उणे एक, आणि पुन्हा पाहावे. म्हशीलाही उणे एकच्या आसपासचीच सवलत लागते.

मात्र पांढऱ्याच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. जास्त उजळवण्याच्या नादात भिंतीवरचा गिलावा, कडांची सावली, पायऱ्यांच्या कठड्यांचा उठाव हे सारे कोऱ्या कागदासारखे सपाट होऊन जाते आणि ते नंतर संगणकावर परत आणता येत नाही. हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रातला काळोख डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख उजव्या कडेजवळ यावा, पण कडेला चिकटू नये. शिवाय मध्यान्हीचे ऊन टाळता आले तर अवश्य टाळावे. पांढऱ्या भिंतीचे सौंदर्य तिच्या सावल्यांत असते, आणि त्या सावल्या तिरप्या उन्हातच पडतात.

प्रश्न : आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाडे भरून जातात. शटर एक मिनिटभर उघडे ठेवून पाहिले, तरी काजवे पुसटच येतात आणि आभाळ मात्र पांढरे होते.
(एक वाचक, सत्तरी)

उत्तर : आपण शटर लांबवून जे मिळवू पाहत आहात ते शटरने मिळतच नाही, आणि ही गोष्ट एकदा ध्यानात आली की काजव्यांचे छायाचित्रण बरेच सोपे होते. काजव्याची लकाकी क्षणभराची असते. शटर दहा सेकंद उघडे असो वा साठ, त्या एका लकाकीतून सेन्सरवर पडणारा उजेड तेवढाच राहतो. लांब शटरमुळे चित्रात लकाक्यांची संख्या वाढते, एकेकीची तेजस्विता वाढत नाही. आभाळाचा उजेड मात्र सतत झिरपत असतो, म्हणून शटरबरोबर आभाळ पांढरे होत जाते. काजवा उजळ हवा असेल तर लेन्सचे छिद्र मोठे करावे किंवा आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवावा. छिद्र एफ १.८ ते २.८ (आकडा लहान तितके छिद्र मोठे), आयएसओ १६०० ते ३२०० आणि शटर १५ ते ३० सेकंद, इथून सुरुवात करावी.

आता पद्धत. दिवेलागणीला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला सव्वासातच्या सुमारास, कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करावा आणि पोफळींचे बुंधे दिसत असतानाच फोकस जुळवून तो मॅन्युअलवर टाकावा, कारण काळोख पडल्यावर ऑटोफोकस नुसता चाचपडत राहतो. निळसर उजेड असताना झाडांचे एक चित्र घ्यावे. हे पायाचे चित्र. त्यानंतर ट्रायपॉडला धक्का न लावता पूर्ण काळोखात एकामागून एक चित्रे घेत राहावे आणि घरी ती सारी एकावर एक रचून, ज्या सॉफ्टवेअरमध्ये अधिक उजळ ठिपका तेवढा राखण्याची लायटन नावाची सोय आहे, त्यात एकत्र करावीत. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन ही सोय बंद ठेवावी, कारण ती चालू असली की प्रत्येक चित्रानंतर कॅमेरा तेवढाच वेळ स्वतःच्या हिशेबात अडकतो आणि मधल्या लकाक्या निसटतात.

असे चित्र छापायला किंवा स्पर्धेला पाठवताना ते अनेक चित्रांचे मिश्रण आहे हे खाली लिहावे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. एका क्षणी झाडावर इतके काजवे कधीच नसतात. पाहणाऱ्याने ते खरे समजावे आणि पुढच्या वर्षी गाड्या भरून लोकांनी कुणाच्या तरी कुळागरात घुसावे, हे बरे नव्हे.

काजव्यांचे चमकणे म्हणजे नर-मादीची परस्परांना साद असते. बॅटरीच्या पांढऱ्या झोतात ती साद बुडून जाते. म्हणून कॅमेऱ्याजवळ असताना फ्लॅश आणि मोबाइलचा पडदा बंद ठेवावा. फारच गरज पडली तर मंद तांबडा दिवा जमिनीकडे धरावा. चालताना मात्र दिवा लावूनच चालावे. पहिल्या पावसात कुळागरात साप बाहेर पडतात, हे आपल्याला मी सांगायला नको. अभयारण्यात सूर्यास्तानंतर परवानगीवाचून थांबू नये. आपल्यासारख्या ज्यांच्या घरामागेच काजवे आहेत, त्यांनी मोलेला किंवा चोर्ल्याला जाण्याची गरजही नाही.

प्रश्न : घोडेमोडणीचे फोटो एक तर हललेले येतात, नाही तर फ्लॅश मारल्यावर पुतळ्यांसारखे थिजलेले येतात. शिवाय काही फोटोंवर आडवे काळे पट्टे दिसतात. मधला मार्ग कोणता?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर : घोडेमोडणी हा चित्र काढणाऱ्याच्या दृष्टीने फार सोयीचा नाच आहे, हे ऐकून कदाचित आपल्याला नवल वाटेल. नर्तकाच्या कमरेला बांधलेल्या घोड्याला पाय नसतात. चालतात ते नर्तकाचे पाय. त्यामुळे कमरेखाली सतत हालचाल असते आणि कमरेवर, फेट्यापासून घोड्याच्या मानेपर्यंत, शरीर बरेचसे एका पातळीत पुढे-मागे सरकते. म्हणजे एकाच चित्रात स्थिर चेहरा आणि धूसर पाय मिळण्याची व्यवस्था नाचातच आहे. शटर १/३० सेकंदावर ठेवावे, नर्तकाच्या छातीवर फोकस धरून त्याच्या गतीने कॅमेरा आडवा फिरवत राहावे आणि बटण दाबल्यानंतरही फिरवणे थांबवू नये. बहुतेकांचा हात नेमका बटण दाबताना थबकतो, आणि चित्र बिघडते ते तिथेच. हात बसला की १/१५ पर्यंत उतरावे.

दुसरी जागा म्हणजे वळण. पुढे गेलेला नर्तक मागे परतण्याआधी क्षणभर थांबतो. ढोल-ताशांचा ठेका काही वेळ नुसता ऐकत उभे राहिले की ते वळण केव्हा येणार हे आधीच कळू लागते. त्या क्षणी १/६० लाही अंग स्थिर मिळते आणि तलवार व फेट्याचा शेव तेवढा हललेला राहतो. ठेका ओळखीचा होण्याआधी कॅमेरा डोळ्याला लावूच नये, असे माझे मत आहे.

फ्लॅश वापरायचाच असेल तर तो मंद ठेवावा आणि रिअर कर्टन सिंकवर लावावा. नेहमीच्या पद्धतीत फ्लॅश शटर उघडताच चमकतो, त्यामुळे हालचालीची रेघ नर्तकाच्या पुढे उमटते आणि तो मागे पळत असल्याचा भास होतो. शटर मिटण्याच्या बेतात असताना फ्लॅश चमकला की रेघ त्याच्या मागे राहते. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, म्हणजे पांढरा, आणि मांडवातल्या पिवळ्या दिव्यांचा ३००० च्या आसपासचा असतो, म्हणून फ्लॅशवर नारिंगी जिलेटिनचा तुकडा चिकटवावा. नाही तर नर्तक एका रात्रीत आणि पार्श्वभूमी दुसऱ्याच रात्रीत असल्यासारखी दिसते.

काळे पट्टे दिव्यांमुळे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले तर एक पूर्ण आवर्तन चित्रात येते आणि पट्टे बहुधा जातात. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र अशा वेळी बंद करावे. पणजी-मडगावच्या चित्ररथांवरच्या रंगीत एलईडी माळांना हा हिशेब लागू पडेलच असे नाही. तिथे एक-दोन चाचणी चित्रे घेऊनच ठरवावे.

गुलालाविषयी दोन गोष्टी. तांबडा आणि भगवा रंग भडक उजेडात आला की एकूण हिस्टोग्राम व्यवस्थित दिसत असतानाही तांबड्या रंगाचा स्वतंत्र आलेख उजव्या कडेला आदळलेला असतो, आणि मग फेट्याच्या चुण्या नाहीशा होऊन तिथे एकसंध लाल डाग उरतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे दाखवणारा पडदा लावावा आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे अर्धा ते उणे पाऊण ठेवावे. लेन्सवर गुलाल पडला तर तो कापडाने पुसू नये. आधी ब्लोअरने उडवावा, मग मऊ कुंचल्याने झटकावा. कापड अगदी शेवटी.

प्रश्न : म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विक्रेत्या बायकांचे फोटो काढायला आवडतात. पण ताडपत्रीखाली सगळे चेहरे निळे येतात. व्हाइट बॅलन्स बदलला तर बाहेरचा रस्ता पिवळा होतो.
(एक वाचक, पर्वरी)

उत्तर : तिथे दोन उजेड एकत्र येतात. वरून ताडपत्रीतून गाळून आलेला निळा, आणि बाजूच्या गल्लीतून आलेला साधा दिवसाचा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची झाक काढून टाकणारी सोय, हा साऱ्या चौकटीसाठी एकच आकडा असतो, त्यामुळे एक उजेड सुधारला की दुसरा बिघडणारच. खरा उपाय उभे राहण्याच्या जागेत आहे. आपण गल्लीत उभे राहावे आणि गिऱ्हाईक आले की विक्रेतीचा चेहरा गल्लीकडे वळेल याची वाट पाहावी. त्या क्षणी चेहऱ्यावर बाहेरचा मऊ उजेड पडतो आणि निळेपणा पाठीमागे, केसांवर आणि टोपल्यांवर उरतो. तिथे तो शोभूनही दिसतो. ताडपत्रीच्या कडेशी, ऊन थेट लागणार नाही इतपत आत बसलेली व्यक्ती ही सर्वांत चांगली.

कृष्णधवल करून सुटका होईल असे अनेकांना वाटते. पुष्कळदा होते, पण निळ्या उजेडात तांबड्या रंगाची नोंद मुळात क्षीण असते, आणि त्वचेचा मऊपणा तर तांबड्यातच असतो. म्हणून कृष्णधवल करायचे असल्यास चित्र घेतानाच थोडे उजळ घ्यावे, नाही तर चेहऱ्यावर रवाळ डाग येतात.

सावळ्या चेहऱ्यांच्या बाबतीत पहिल्या उत्तरातला करड्याचा नियम विसरू नये. कॅमेरा त्यांना उगाच फिकट करू पाहतो, आणि नंतर चित्र सुधारणारे त्यात भर घालून उरलासुरला कांतीचा रंगही धुऊन टाकतात. माणूस जसा आहे तसा यावा. शिवाय ऐन विक्रीच्या वेळी दुकानासमोर ठाण मांडू नये. आधी चार आंबाडे विकत घ्यावेत, “मावशी, एक फोटो काढू?” असे विचारावे, आणि पुढच्या शुक्रवारी छापील प्रत हातात द्यावी. तिसऱ्या शुक्रवारी आपल्याकडे कुणी बघेनासे होते, आणि चांगली चित्रे तेव्हापासून मिळू लागतात.

प्रश्न : चोडणच्या पक्षी अभयारण्यात होडीतून खंड्याचे फोटो काढताना फोकस नेहमी मागच्या खारफुटीवर जातो.
(एक वाचक, रायबंदर)

उत्तर : ऑटोफोकस जिथे ठळक फरक दिसतो तिथे धावतो, आणि खारफुटीच्या मुळांच्या जाळ्याइतका ठळक फरक दुसरा नसतो. फोकसचा विस्तृत प्रदेश बंद करून एकच बिंदू निवडावा. पक्षी ओळखून त्याचा डोळा पकडणारी सोय कॅमेऱ्यात असेल तर ती मोकळ्या फांदीवरच्या पक्ष्यासाठी उत्तम, दाट जाळ्यात मात्र तिच्यावर विसंबू नये. होडी हलत असते म्हणून बसलेल्या पक्ष्यालाही १/१००० च्या खाली जाऊ नये. सूर मारणाऱ्या खंड्याला १/३२०० लागते. होडीवाल्याला भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. भरतीला होडी आतल्या फाट्यांत शिरते, ओहोटीला चिखल उघडा पडून त्यावर बगळे आणि पाणपक्षी टिपायला उतरतात; दोन्हींची चित्रे वेगळी असतात. खंड्या ठरावीक फांदीवर परत परत येतो. त्या फांदीच्या मागे जितके दूर पाणी असेल तितकी पार्श्वभूमी मऊ होईल, म्हणून पक्ष्याच्या मागे लागण्यापेक्षा फांदी नीट निवडणे हिताचे. मासे टाकून पक्षी बोलावणाऱ्यांच्या होडीत बसू नये.

प्रश्न : काणकोणच्या किनाऱ्यावरून आकाशगंगा टिपण्याची इच्छा आहे. केव्हा यावे?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग धनु राशीच्या दिशेला असतो आणि गोव्याच्या साडेपंधरा अंश अक्षांशावरून तो दक्षिणेला क्षितिजापासून जास्तीत जास्त ४५ अंशांच्या आसपास चढतो. तो रात्री सर्वांत चांगला दिसण्याचे महिने नेमके आपल्या पावसाचे. उरतात दोन मुदती. फेब्रुवारी ते मेपर्यंत पहाटेच्या आधी, पण तेव्हा सुरुवातीला तो पूर्व-आग्नेयेला, म्हणजे डोंगरांच्या बाजूला असतो. समुद्रावर हवा असेल तर ऑक्टोबरातल्या अमावास्येच्या सुमारास, पाऊस उघडल्यावर, संध्याकाळी साडेसातच्या आसपास नैऋत्येला पाहावे. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्याने तेव्हा आकाशगंगा लाटांवर कललेली मिळते. खिडकी तासा-दीड तासाची असते, कारण पुढे ती मावळते. दिवाळी अमावास्येलाच येते ही जमेची बाजू, फटाक्यांचा धूर ही खर्चाची.

तारे रेघेसारखे ओढले जाऊ नयेत म्हणून ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागावे. २४ मिलिमीटरला सुमारे २० सेकंद येतात. जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांना १२ ते १५ सेकंद बरे. लेन्सवर अनंताची खूण असली तरी तिच्यावर विश्वास न ठेवता लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, एखादा ठळक तारा मोठा करून फोकस जुळवावा. क्षितिजावरच्या मासेमारी ट्रॉलरांचे दिवे त्रासदायक वाटतात, पण चौकटीच्या अगदी कडेला घेतले तर समुद्र कुठे संपतो हे दाखवायला ते उपयोगीही पडतात. आगोंद आणि गालजीबाग इथे कासवे अंडी घालतात. नोव्हेंबरपासून पुढच्या महिन्यांत तिथल्या वाळूवर दिवे घेऊन फिरू नये.

प्रश्न : माझे फोटो स्पष्ट असतात, रंगही चांगले असतात, परंतु कुणी थांबून पाहत नाही. सर्जनशीलता शिकता येते का?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : पत्रासोबत पाठवलेली आपली चित्रे मी लक्षपूर्वक पाहिली. मंगेशीचा दीपस्तंभ, दूधसागर, मिरामारचा सूर्यास्त, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारे लोक. तंत्राची चूक काढावी असे त्यांत फारसे काही नाही. अडचण अशी आहे की चारही चित्रांत आपण लांब उभे राहून सारे काही चौकटीत बसवले आहे, आणि सारे काही बसवले की पाहणाऱ्याला कुठे थांबायचे ते कळत नाही.

रापणीचेच उदाहरण घेऊ. दोन रांगा, मधे समुद्र, वर ढग. हे रापणीचे सामान्य ज्ञान झाले. आता त्याच सकाळी दोराच्या रांगेत शेवटच्या माणसाजवळ जाऊन उभे राहावे. दोर खांद्यावरून घेऊन तो पाठमोरा मागे मागे जातो, टाचा वाळूत रुततात आणि प्रत्येक पावलागणिक टाचेमागे वाळूची लहान ढिगारी तयार होते. जाळे वर आल्यानंतर मनगटाच्या केसांना चिकटलेले तारल्यांचे खवले वाळून चंदेरी होतात आणि कोवळ्या तिरप्या उन्हात चमकतात. यांतले एकच चित्र घ्यायचे, चेहरा न दाखवता. मेहनत म्हणजे काय ते त्या टाचेत जितके आहे तितके लांबच्या दृश्यात नाही.

तेव्हा अभ्यास असा करावा. बटण दाबण्याआधी, हे चित्र कशाबद्दल आहे, हे मनात एका वाक्यात सांगावे. “रापण” हे वाक्य नाही. “म्हाताऱ्याचा दोर तरण्याइतकाच ताठ आहे” हे वाक्य आहे. वाक्य सापडले की त्याला न लागणाऱ्या वस्तू चौकटीतून काढणे आपोआप सुचू लागते. दुसरे म्हणजे महिनाभर एकच लेन्स, ३५ किंवा ५० मिलिमीटरची, आणि एकच जागा ठरवावी. एखाद्या जुन्या घराचा बल्कांव (दारापुढची बसायची ओसरी), गावची तळी, फेरीबोटीचा धक्का, काहीही चालेल. पहिल्या आठवड्यात त्या जागेतली सगळी ठरलेली चित्रे संपून जातात. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, आणि तो यायलाच हवा. नवे दिसते ते त्यानंतर, कारण तोवर विषय संपलेला असतो आणि उजेड, सावली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सवयी एवढेच पाहायचे उरते.

निवड हा या विद्येचा निम्मा भाग आहे आणि तिकडे फार थोडे लक्ष देतात. चित्रे काढल्यावर काही आठवडे ती पाहू नयेत. मग लहान आकारात छापून टेबलावर मांडावीत आणि ज्या चित्राबरोबर, “हे काढायला मी किती चाललो”, असे काही सांगावे लागते, ते आधी बाजूला करावे. तुमचे चालणे पाहणाऱ्याला दिसत नाही. थोरामोठ्यांच्या चित्रांची नक्कल करण्याला काही जण नाक मुरडतात. मला ती अभ्यास म्हणून मान्य आहे, फक्त तिच्याखाली स्वतःचे नाव घालून ती स्पर्धेला पाठवू नये.

दूधसागराविषयी एक तांत्रिक सूचना. ऐन पावसाळ्यात पाणी इतके असते की एक सेकंदाच्या शटरने धबधब्याचा नुसता पांढरा पडदा होतो. १/८ ते १/२ च्या दरम्यान धारा वेगळ्या दिसतात. लांब शटर उन्हाळ्यातल्या बारीक ओहोळांसाठी राखून ठेवावे. आणि रेल्वेच्या रुळांवरून चालत तिथे जाण्याचा मोह टाळावा, तो गुन्हा आहे.

प्रश्न : पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारातल्या निळ्या अझुलेजु (पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या) फरशांवर चकाकी येते. पोलरायझर लावूनही उपयोग झाला नाही.
(एक वाचक, सांताक्रूझ)

उत्तर : पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांनी १९३५ साली रंगवलेल्या या फरशांवरचे काचेसारखे लुकण चकाकी देते. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चकाकी कमी करणारा फिल्टर, काचेवरची चकाकी सर्वांत जास्त कापतो ती पृष्ठभागाशी सुमारे ३४ अंशांच्या तिरप्या कोनातून पाहताना. आपण चित्र सरळ यावे म्हणून बरोबर समोर उभ्या राहिलात, आणि समोरून पोलरायझर जवळपास निरुपयोगी असतो. सरळच चित्र हवे असेल तर चकाकी कुठून येते ते शोधावे. बहुधा ती आपल्या पाठीमागच्या उजळ दारातून येत असते. दोघांनी मिळून मागे काळे कापड धरले तर ती जाते. नाही तर बाहेरचे ऊन उतरल्यावर जावे.

प्रश्न : दोन पावसाळ्यांतच लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आली. तांदळाच्या डब्यात ठेवूनही उपयोग झाला नाही.
(एक वाचक, पेडणे)

उत्तर : तांदूळ ओलावा फारसा शोषत नाही आणि त्याची पूड लेन्सच्या फटींत मात्र जाते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी वाढू लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या बरीच वर असते. लेन्स ४० ते ५० टक्क्यांत ठेवणारे विजेवरचे ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर घ्यावे. परवडत नसेल तर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक एवढ्यावर भागते. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये सुमारे ११० ते १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरावे. फार कोरडे करण्याच्या नादात ३० टक्क्यांच्या खाली जाऊ नये, कारण त्याने रबर आणि वंगण खराब होते. चामड्याचे आवरण आणि कपड्यांचे कपाट या दोन्ही जागा बुरशीच्या माहेरच्या.

वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून एकदम बाहेर आल्यावर लेन्सवर दव धरते. बाहेर पडण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि तो बाहेरच्या हवेइतका उबदार झाल्याखेरीज पिशवी उघडू नये. दव मग पिशवीवर धरते. बुरशी आलेली लेन्स इतर लेन्सबरोबर एका डब्यात ठेवू नये. ती स्वतः उघडण्याचा प्रयत्न न करता जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावी, आणि तेही लवकर, कारण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर साफसफाईनंतरही तो डाग जात नाही. तसा डाग बारीक आणि कडेला असेल तर चित्रावर त्याचा परिणाम क्वचितच दिसतो. सूर्याकडे तोंड करून काढलेल्या चित्रांत मात्र दिसेल, त्यामुळे ती लेन्स सावलीतल्या कामासाठी ठेवावी.